एका मोबाईलची माणसं

सगळ्यात आधी सिस्टरांचं सांगते. त्यांचं शेवटी सांगायला ठेवलं तर मी माझ्याच भीतीचं पुराण लावून बसेन आणि त्या राहून जातील.

विंझरहून वेल्ह्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक धर्मादाय दवाखाना आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत एक लाकडी बाक. सिस्टर तिथे वीसेक वर्षं आहेत. साठीला आलेल्या, दोन्ही गुडघे दुखरे, पांढऱ्या साडीवर बारा महिने एकच तपकिरी स्वेटर. बाहेर त्यांची जुनी स्कूटी उभी असते, तिला त्या ‘म्हातारी’ म्हणतात. त्या शुक्रवारी सिस्टर आणि त्यांची म्हातारी नसती, तर एका बाईचं काय झालं असतं, ते वाक्य मी अजून मनातसुद्धा पुरं करत नाही.

मी मूळची किनवटच्या पलीकडची. नववीत शाळा सुटली. माय आजारी पडली, घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढं लग्न झालं, नवऱ्याला शिरवळकडे कंपनीत काम लागलं आणि आम्ही भोरला खोली घेतली. तिथे एका कॉम्प्युटर क्लासात मी टायपिंगची कामं करायचे. रिकामा वेळ मिळाला की मोबाईलवर व्हिडिओ लावून पायथन शिकायचे. कळत होतं त्यापेक्षा न कळणारं जास्त असायचं, पण मी वहीत उतरवून घ्यायचे. असं दोन वर्षं केल्यावर बाजारपेठेतल्या एका दुकानावरच्या खोलीत तिघाजणांचं ऑफिस होतं, तिथल्या सरांनी मला घेतलं. त्यांनी दाखला मागितला नाही. “काम करून दाखवा,” एवढंच म्हणाले.

माणसाला याचा आनंद व्हावा. मला झाली ती भीती. कोणीतरी एक दिवस एक साधा प्रश्न विचारेल आणि सगळ्यांना कळेल की हिला काही येत नाही, ही नववी नापासच आहे. नापास मी नव्हते, शाळा सुटली होती. पण भीतीला एवढा फरक कळत नाही. म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. कोणी विचारायच्या आत काम संपवायचं, आणि आपण कोणाला काही विचारायचं नाही.

दवाखान्याचं काम लहान होतं. कुत्रं चावलेल्या माणसांची नोंद ठेवणारं एक वेब ॲप्लिकेशन. ही सुई एकदा घेऊन भागत नाही. पहिली त्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, मग सात दिवसांनी, मग पुढची. माणसं पहिल्या सुईला धावत येतात, जखम सुकली की विसरतात. म्हणून सुईच्या दिवशी सकाळी मोबाईलवर मेसेज जायचा: अमक्यांनी आज दवाखान्यात यावे. पूर्वी सिस्टर प्रत्येकाला कॅलेंडरवर खुणा करून द्यायच्या. मेसेज सुरू झाल्यावर त्या खुणा बंद झाल्या. “मेसेज येईल, त्या दिवशी या,” असं सांगू लागल्या. तसं सांगायला मीच त्यांना सांगितलं होतं.

असं ॲप्लिकेशन लिहिताना प्रत्येक गोष्टीचा एक साचा करावा लागतो, त्याला मॉडेल म्हणतात. माझ्याकडे तीन होती. रुग्ण, मोबाईल नंबर आणि डोस. मग त्यांची आपसातली नाती सांगायची. एका रुग्णाचे डोस अनेक, हे नातं बरोबर होतं. आणि एका रुग्णाला एक मोबाईल, एका मोबाईलला एक रुग्ण. एकास एक. हेही मीच लिहिलं. व्हिडिओतला मास्तर म्हणाला होता की मोबाईल नंबर ही माणसाची सगळ्यात पक्की ओळख. भोरच्या बाजारात उभं राहिलं की ते खरंच वाटतं.

मंगळवारी दुपारी ऑफिसात सिस्टरांचा फोन आला.

“अगं, लाल आलंय.”

“काय लिहिलंय, सिस्टर?”

“इंग्लिशमधी हाय, लांबलचक. एक आबा आलेत, त्यांची नोंद करतीय तर घेतच न्हाई. तुमच्या त्या डब्याला कुत्र्याचं वावडं हाय का आबांचं?”

मी माझ्याकडून पाहिलं. हा मोबाईल नंबर आधीच एका रुग्णाला जोडलेला आहे, दुसऱ्याला जोडता येणार नाही, असं ते लाल अक्षर म्हणत होतं. तेव्हा मी सिस्टरांना एक प्रश्न विचारायला हवा होता: आधीचा रुग्ण कोण आणि हे आबा कोण? सात-आठ शब्दांचा प्रश्न. पण सर शेजारच्या टेबलावर होते. मी विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की हिने लिहिलेलं हिलाच समजत नाही. मला वाटलं, तोच माणूस परत आला असेल, नाव लिहिताना काही बदल झाला असेल. मी एक ओळ बदलली. नंबर आधी असेल तर ती नोंद नव्या माहितीने बदल, नसेल तर नवी कर.

“गेलं बाई लाल,” सिस्टर म्हणाल्या. “हुशार हायेस.”

ते ‘हुशार हायेस’ मी घरी जाईपर्यंत तोंडात खडीसाखरेसारखं घोळवत होते.

शुक्रवारी सकाळी नऊला त्यांचा परत फोन आला. या वेळी आवाज बारीक होता.

“सोमवारी एक बाई आली होती. मनगटाला चावा, खोल. तिची दुसरी सुई काल होती. काल मी पुण्याला गुडघ्याच्या डॉक्टरांकडं गेले होते. आज बघतीय तर तिच्यापुढं सुई दिल्याची खूण न्हाई. खूण कसली, बाईच न्हाई.”

“बाईच नाही म्हणजे?”

“म्हंजी सोमवारच्या नोंदीत तिच्या जागी आबा बसलेत. आबा तर मंगळवारी आले. मी लिहिलेली बाई गेली कुठं?”

मला लगेच कळलं. ती एक ओळ. नंबर आधी असेल तर ती नोंद बदल. मंगळवारी आबांची नोंद त्या बाईच्या नोंदीवर बसली होती. तिचं नाव, तिची तारीख, तिच्या पुढच्या सुया, सगळं त्यांच्याखाली गाडलं गेलं होतं. माहितीची प्रत मी दर रविवारी काढून ठेवायचे. बाई आली सोमवारी. म्हणजे ती कुठंच नव्हती.

“मी येते,” एवढंच मी म्हणाले. सरांना सांगितलं, दवाखान्यात जरा बघायचं आहे. जरा.

भोरहून नसरापूर आणि तिथून वेल्ह्याची एसटी. मांडीवर लॅपटॉप. नसरापूरला गाडी सुटायला वेळ होता, तेवढ्यात मी एक वेडेपणा केला. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर काय होतं, ते मोबाईलवर वाचलं. एकदा आजार उठला की परतीचा रस्ता नाही, असं लिहिलं होतं. माणूस पाण्याला घाबरतो, असंही होतं. पिशवीत पाण्याची बाटली होती, पण मला ती बाहेर काढवेना. शेजारी बसलेल्या एका आजींनी विचारलं, “गाडी लागती का ग?” मी मान हलवली. त्यांनी आवळकाठी दिली. विंझर येईपर्यंत मी ती हातात धरून होते.

दवाखान्याच्या पडवीत बाकावर आबा बसले होते. धोतर, टोपी, पायाच्या पोटरीला पट्टी. सुई घेऊन झाली होती, पण सिस्टरांनी त्यांना जाऊ दिलं नव्हतं.

“ह्याच व्हय कॉम्प्युटरवाल्या बाई?” ते म्हणाले. “म्या म्हणलं, कोण जाड भिंगाचा मानूस असंल.”

“आबा,” मी म्हटलं, “तुमचा हा मोबाईल नंबर सोमवारी एका बाईंनी दिला होता. त्या कोण?”

“आमच्या वरच्या घराची सून. एकाच कुत्र्यानं धरलं आमाला. तिला सोमवारी, मला मंगळवारी.”

“आणि मोबाईल कोणाचा?”

“वस्तीचा.”

“म्हणजे?”

“म्हंजी वस्तीचा!” मला ऐकायला कमी येत असावं असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पाच घरं हायेत आमची. बांधावरच्या जांभळीला पिशवीत टांगलेला असतो. रेंज तिथंच येती. खाली आणला की मुका.”

“सगळ्यांचा नंबर एकच?”

“मग कितीक लागत्यात?”

मी खाली बसले. मला हे माहीत नव्हतं असं नाही, तीच तर लाज होती. आमच्या गावात फोन होता तो पिठाच्या गिरणीवाल्यांचा. शाळेच्या अर्जावर तोच नंबर, लग्नाच्या पत्रिकेवर तोच. मी भोरहून मायला फोन लावायचे तो गिरणीत वाजायचा आणि गिरणीवाला दारात येऊन आमच्या घराच्या दिशेने हाक मारायचा. अर्ध्या गावाचा नंबर तो. दुसऱ्याच्या नंबरावर वाढलेल्या मी लिहिलं होतं, एका मोबाईलला एक माणूस.

“आणि तिला मेसेज आला नाही म्हणून ती काल आली नाही?” मी विचारलं.

“काल तिच्या नावाचा यायला पायजे व्हता, न्हाई आला. आज माझ्या नावाचा आला. सगळ्यांनी वाचला. मग आमी धरलं की दवाखान्यानं तिला सोडली, तिला गरज न्हाई. तिला भावाच्या फोनवर कळवलं, तिला बी लई हायसं वाटलं.”

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “आबा, आन ते कुत्रं?”

“मेलं की. बुधवारी ओढ्यात सापडलं.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

बाई वस्तीवरही नव्हती. काल सकाळच्या गाडीने भावाकडे भात झोडायला गेली होती, नसरापूरच्या पुढे भोरच्या रस्त्याला आत एक गाव आहे तिथे. भावाचा नंबर? तो वस्तीच्या मोबाईलमध्ये. म्हणजे जांभळीवर. सिस्टरांनी वस्तीचा नंबर लावून पाहिला. बंद. “चार्जिंगला खाली आणला असंल,” आबा म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. मला आधी ते नातं दुरुस्त करायचं होतं, जणू ते नीट झालं की बाई आपोआप जागेवर येईल. एकास एकचं मी घाईघाईने एकास अनेक केलं आणि सगळा पडदा लाल झाला. बाकी सगळीकडे मी एका मोबाईलमागे एकच माणूस धरून लिहिलेलं. यादी तसंच धरायची, मेसेज तसाच जायचा. एक ठिकाण नीट केलं की दोन ठिकाणी फुटायचं. मी परत बदललं, परत लाल. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सिस्टरांनी लॅपटॉपचं झाकण अर्धवट लोटलं.

“थांब. मला कळंल असं सांग, काय केलंस.”

लसीच्या खोक्याचा एक पुठ्ठा त्यांनी फाडला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी त्यावर एक मोबाईल काढला, एक माणूस काढला, मध्ये रेघ ओढली. मग दुसरा माणूस आला, तो पहिल्याच्या अंगावर काढला. गिचमिड झाली.

सिस्टर बराच वेळ त्या गिचमिडीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. आता सरांना फोन करतील.

“असं आणखी किती जणांचं झालंय?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी मघापासून माझं लाल पुसत होते. कोण कोण पुसलं गेलं, ते बघितलंच नव्हतं. मंगळवार दुपारनंतर ती ओळ किती वेळा चालली, ते सर्व्हरच्या नोंदीत सापडणार होतं. शोधलं. दोन वेळा. एक ही बाई. दुसरा नंबर मी वाचून दाखवला.

“ती मायलेकरं,” सिस्टर लगेच म्हणाल्या. “दोघांना मांजरानं ओरबाडलं. त्यांची सुई आज होती, सकाळीच दिली दोघांनाबी. ती माझ्या डोळ्यासमोर हायेत. म्हंजी राहिली एक.” त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. “मग आधी बाई. तुझं लाल नंतर. तोवर नवीन नोंद पुठ्ठ्यावर. आबा, तुमी आता घरी जा, आन त्या मोबाईलला जांभळीवर चढवा.”

त्या आत दवाखान्याच्या डॉक्टरांकडे गेल्या. दार उघडंच होतं. मला ऐकू आलं, “आमच्या नोंदीत चूक झालीय.” आमच्या, असं म्हणाल्या. माझ्याकडे बोट दाखवलं नाही, माझं नाव घेतलं नाही. जखमेभोवतीचं इंजेक्शन त्या बाईला पहिल्याच दिवशी दिलेलं आहे, तेवढा आधार आहे, डॉक्टर म्हणाले. पण कुत्रं मेलंय तर आता तासाचाही उशीर नको. ती इथे येईपर्यंत थांबू नका, लस घेऊन जा.

मी म्हातारीवर मागे बसले. बर्फात लस ठेवलेली निळी पेटी मांडीवर.

“घट्ट धर,” सिस्टर म्हणाल्या. “मला नको, पेटीला. मी पडले तर उठीन.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं होती. थंडीचे दिवस, ऊन पांढरं. मला दिसत होतं ते फक्त सिस्टरांच्या स्वेटरमधलं एक उसवलेलं टोक. प्रत्येक वाकणाला मी एक हिशेब करत होते: सोमवार, गुरुवार, आज शुक्रवार. प्रत्येक वाकणाला तो तोच यायचा.

“सिस्टर, उशीर झाला असेल तर?”

“एकच दिस झालाय. ह्याच्याहून उशिरा आलेली माणसं मी धडधाकट बघितलीत.”

पुढचा चढ चढल्यावर त्या मान न वळवता म्हणाल्या, “आन न वाचलेली बी बघितलीत. एक बघितलाय. म्हणून तर हाकतीय.”

मी पेटी आणखी जवळ ओढली.

नसरापूरला सिस्टरांनी गाडी थांबवली, उतरल्या, दोन्ही गुडघे चोळले, परत बसल्या. मला गाडी चालवता येत असती तर, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. “काहून थांबलात?” मी विचारलं होतं, घाबरून, माझ्या गावच्या बोलीत.

“काहून!” त्या हसल्या. “गुडघं दुखत्यात म्हणून, काहून.” तेवढ्यातही हसल्या.

गावात विचारत विचारत खळ्यावर पोचलो. चार-पाच माणसं भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होती, दाण्यांचा आवाज येत होता. तिच्या मनगटाची मळकी पट्टी मी लांबूनच ओळखली. तिशीच्या आतली, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. तिने पांढरी साडी पाहिली आणि हातातली पेंढी तशीच वर राहिली.

“सिस्टरबाई,” ती म्हणाली, “मला झालंय का?”

आम्ही वाईट बातमी घेऊन आलो असं तिला वाटलं होतं.

“काय झालं न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “तुझी सुई राहिलीय. बस हितं.”

“पण मला मेसेज न्हाई आला.”

“माहीत हाय. बस.”

ती पेंढ्यांवर बसली. तिच्या वहिनीने पाण्याचा तांब्या आणला. सिस्टरांनी तो आधी तिच्याच हातात दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि आत बघितलं.

“रोज सकाळी बघती,” ती हळूच म्हणाली, वहिनीला ऐकू जाणार नाही असं. “हंड्यात. पाण्याची भीती वाटती का, ते.”

“वाटती?”

“पाण्याची न्हाई वाटत. बघायची वाटती.”

मग ती प्यायली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. एक घोट, दुसरा, तिसरा. आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन कशाकडेच बघितलं नव्हतं, शाळेत फळ्याकडेसुद्धा नाही. सिस्टरांनी पेटी उघडली, सुई दिली, कापूस दाबला आणि तिच्या हातावर पेनाने पुढच्या सुईचा वार लिहिला. सोमवार.

मला बोलायचं नव्हतं. सिस्टर काही म्हणाल्या नसत्या, ते दिसतच होतं. पण त्या डॉक्टरांसमोर ‘आमच्या’ म्हणाल्या होत्या, आणि ते मला मघापासून टोचत होतं.

“ताई,” मी म्हटलं, “मेसेज मी बनवते. तुमची नोंद माझ्याकडून पुसली गेली. आबांची तुमच्यावर बसली.”

“पुसली म्हंजी? मी हितं बसलीय की.” मग तिला उमगलं असावं. तिचा चेहरा उतरला. “आबांचं नाव आलं, माझं न्हाई आलं. म्या म्हणलं, बाईमाणसाला सुया कमी लागत असतील.”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“परत पुसशील का?”

नाही म्हणायचं होतं. पण मंगळवारीसुद्धा मला खात्रीच होती. तोंडातून निघालं, “तुमच्या प्रत्येक सुईला मी स्वतः तिथं येऊन बसेन.”

“ये,” ती म्हणाली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. उठली आणि पेंढी उचलली.

संध्याकाळच्या आत मी भोरला सरांसमोर उभी होते. सगळं सांगितलं, मंगळवारपासून, न विचारलेल्या प्रश्नासकट. मला वाटलं, आता दाखला मागतील. ते चिडले, चांगले चिडले. ऑफिस चालवायचं की देवाच्या भरवशावर सोडायचं, असं विचारलं. मग खुर्ची ओढून म्हणाले, “नोंदणी बंद ठेवा. उद्या दुरुस्त करा, आणि या वेळी मला दाखवल्याशिवाय सर्व्हरवर चढवायचं नाही.”

शनिवारी मी परत दवाखान्यात गेले, कारण पुठ्ठा तिथे होता. या वेळी आधी माणसं काढली, मग नाती. पाच घरं, मध्ये जांभळ, जांभळीवर मोबाईल. सिस्टर बाजूला कापसाचे बोळे करत होत्या.

“ह्या आबांचा लेक पुण्याला असतो,” त्या म्हणाल्या. “त्याचा बी नंबर देत्यात कधी कधी.”

म्हणजे एका मोबाईलला अनेक माणसं आणि एका माणसाला अनेक मोबाईलसुद्धा. मी तसं लिहिलं. मग जिथे जिथे एकच माणूस धरला होता ती सगळी ठिकाणं एकेक करून शोधली. लाल आलं की पुसायची घाई केली नाही. कोण दोघं भांडतायत, ते आधी सिस्टरांना वाचून दाखवलं.

“आन मोबाईल हरवला तर?” त्यांनी मध्येच विचारलं. “मागल्या वर्षी माकडानं नेला व्हता.”

मी जुनी मांडणी उघडून पाहिली. नंबर काढून टाकला तर त्याला जोडलेला रुग्णही पुसला जावा, त्याच्या सुयांसकट, असं मीच लिहून ठेवलं होतं. एक नंबर रद्द केला असता तर मागे काही उरलं नसतं, आणि या वेळी लालसुद्धा आलं नसतं. नव्या मांडणीत नंबर गेला तर फक्त रेघ तुटते, माणूस जागेवर राहतो. ते मी खोट्या नावांनी तीनदा करून पाहिलं. सिस्टरांनी चौथ्यांदा करायला लावलं. मेसेजच्या शेवटी एक ओळ वाढवली, तीही त्यांचीच: ज्याला हा मेसेज दिसेल त्याने या माणसाला निरोप द्यावा. आणि कॅलेंडरवरच्या खुणा परत सुरू झाल्या. मीच सुरू करायला लावल्या.

पुसल्या गेलेल्या दोन्ही नोंदी सिस्टरांना विचारून परत भरल्या. सरांनी सगळं तपासून सोमवारी सकाळी चढवलं. त्याच सकाळी जांभळीवरच्या मोबाईलला तिच्या नावाचा मेसेज गेला. तरी मी पहिल्या गाडीने जाऊन पडवीतल्या बाकावर बसले. ती अकराला आली. पुढच्या सुईलाही आली, आणि शेवटच्यालाही. प्रत्येक वेळी ती दिसेपर्यंत मी रस्त्याकडेच बघत असायचे. शेवटच्या दिवशी तिने रुमालात बांधून नवा तांदूळ आणला, सिस्टरांसाठी. मला म्हणाली, “तू बी पानी पी की. तोंड बघ कसं झालंय.” मी प्यायले.

आता बरेच महिने झाले. ती बरी आहे, आबाही. मी अजून घाबरते, पण आता लाल अक्षरांना कमी आणि न बोलणाऱ्या पडद्याला जास्त. सगळं शांत असलं की मी उठून सिस्टरांना फोन करते, “सगळी माणसं जागेवर आहेत ना?” त्या म्हणतात, “हायेत ग बाई. तू जेवलीस का?”

सिस्टर, हे तुम्ही वाचाल तेव्हा म्हणाल, एवढं काय त्यात. तुमचे गुडघे किती दिवस ऐकतील, ते तुम्हाला माहीत आहे आणि त्या दिवशी नसरापूरला मीही पाहिलंय. नवऱ्याकडून गाडी शिकते आहे. भोरच्या मैदानात दोनदा पडले, म्हणून अजून रस्त्यावर आणलेली नाही. पण ज्या दिवशी म्हातारी तुम्हाला हाकवणार नाही, त्या दिवशी मला हाक मारा. कुठल्याही वस्तीवर जायचं असू दे, पुढे मी बसेन. पेटी तुम्ही धरा.